हॉल आईंना द्या

सुदामानगर, इंदूर इथून एका वाचक भगिनींनी सविस्तर लिहिलं आहे, त्यातला काही भाग :

"आमचं घर सासऱ्यांनी १९८८ साली बांधलं. प्लॉट ३० बाय ५०, रस्ता दक्षिणेला. खाली पुढे पोर्च आणि त्याच्या शेजारी १६ बाय १२ चा हॉल, मध्ये जेवणाची खोली, जिना आणि संडास-बाथरूम, मागे एक बेडरूम आणि स्वयंपाकघर, मग परसदार. वर दोन बेडरूम आणि एक बाथरूम. माणसं पाच. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे वॉकर घेऊन चालतात. मिस्टर दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, घरून काम, दुपारी दोन ते रात्री अकरा. मुलगी बारावीला, ती आणि आजी खालच्या मागच्या खोलीत असतात. मी कोचिंगच्या मुलांचे रोज चौदा डबे करते. मुलाच्या वरच्या खोलीत दुपारी बसवत नाही, म्हणून तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. त्याच टेबलावर माझे डबे भरायचे, तिथेच सगळ्यांनी जेवायचं. मुलगी रात्री एकपर्यंत दिवा लावून वाचते, आई पहाटे साडेचारला उठतात. दोघींची झोप होत नाही. रात्री आईंना दोनदा उठावं लागतं, वाटेत मुलाच्या चार्जरची वायर असते. हॉल नीट ठेवलाय, मुलासाठी मुली बघतोय, महिन्यातून दोन-तीनदा उघडतो. ठेकेदार म्हणतात गच्चीवर एक खोली काढा, नऊ लाखांत होईल. एक वास्तुवाले म्हणाले की हॉलची दक्षिणेची खिडकी बुजवा, घरातली चिडचिड तिच्यामुळे आहे. पैसे जमवलेत, पण खर्च एकदाच करता येईल. काय करावं?"

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी कागद घेतला, तुम्ही दिलेल्या मापांवरून घर काढलं आणि प्रत्येक खोलीत तिथे कोण किती वाजता असतं ते लिहीत गेले. तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय की मला फारसं काही ताणून बसवावं लागलं नाही. सकाळी अकराला पाहा : तुम्ही डबे भरताय, मिस्टर जेवायला टेबल मोकळं होण्याची वाट बघताहेत, मुलगा चहाचा कप आणि लॅपटॉप घेऊन एका कोपऱ्यात बसलाय, आणि आई वॉकर टेकत त्या सगळ्यांच्या मधून संडासाकडे चालल्यात. चार माणसं एका खोलीत, आणि त्या खोलीला धड खिडकीही एकच. त्याच वेळी भिंतीपलीकडे १९२ चौरस फुटांचा हॉल कुलूप लावल्यासारखा पडून आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट धरलं आहे. तुमचा हॉल जवळजवळ अशा दोन खोल्यांएवढा आहे.

म्हणून पहिलं उत्तर : गच्चीवर खोली काढू नका.

ती खोली कोणाची होणार, याचा विचार करून बघा. आई दोन जिने चढणार नाहीत. तुम्ही डबे घेऊन वर जाणार नाही. मुलगा आत्ताच वरच्या मजल्यावर दुपारी बसू शकत नाही, तर त्याच्याही वर, चारी भिंती आणि छत उन्हात असलेल्या खोलीत, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कसा बसेल? दोन वर्षांत तिथे जुने पंखे, गणपतीचं मखर आणि रिकामे डबे जातील. असल्या नऊ-दहा लाखांच्या अडगळीच्या खोल्या मी इंदुरात पुष्कळ पाहिल्या आहेत. काढणाऱ्यांनी कष्टाचे पैसे घातलेले असतात, म्हणून त्या बघताना जीव हळहळतो.

आपल्याच गावातली जुनी गोष्ट सांगते. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या कामासाठी इंदुरात आले आणि १९१८ मध्ये त्यांनी शहराबद्दलचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. दाट वस्तीवर त्या काळी एक ठरलेला उपाय असे : सरळ रुंद रस्ता मारायचा आणि मध्ये येतील ती घरं पाडायची. गेडिस गल्लीबोळांतून पायी हिंडले. लोक कुठे बसतात, पाणी कुठून आणतात, कुठे काय साचतं ते त्यांनी पाहिलं. आधी निदान करा, मग उपचार, आणि कापावंच लागलं तर कमीत कमी कापा, असा त्यांचा आग्रह होता. कोणी घर दाखवायला बोलावलं की मी तेच करते. पाडण्याचं बोलणं नंतर, आधी पायी हिंडणं.

आता दुसरं उत्तर, आणि ते वाचून तुम्ही थोड्या बिचकाल. हॉल आईंना द्या.

घरातली सर्वांत चांगली खोली जी माणसं घरात सर्वांत जास्त तास असतात त्यांची असावी, असं माझं ठाम मत आहे. आई दिवसाचे चोवीस तास घरात असतात. पाहुणे महिन्याचे तीन-चार तास. तुमच्या सासऱ्यांनी दक्षिणेला रस्ता असूनही हॉल पुढे, मोठ्या खिडकीचा काढला, तो वापरण्यासाठीच ना?

खिडकीचं आधी बोलू, कारण ती बुजवायची वेळ यायला नको. वास्तूवर तुमची श्रद्धा असेल तर मी तिला धक्का लावत नाही, देवघराची दिशा तुमच्या मनासारखी ठेवा. पण ऊन काय करतं ते ऐका. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला, साधारण २२.७ अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला त्याचा त्रास फार थोडा. खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला तर एप्रिल ते ऑगस्ट दुपारी ती खिडकी सावलीतच राहते. डिसेंबरात मात्र दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला ४४ अंशांपर्यंतच चढतो. तेव्हा तोच छज्जा चुकवून ऊन आत येतं आणि फरशीवर पाच-साडेपाच फूट आतपर्यंत पोचतं. म्हणजे उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन. माळव्याच्या थंडीत दुखऱ्या गुडघ्यांना याहून चांगली जागा कोणती? आपल्याकडे भाजून काढते ती पश्चिम. दुपारी तीननंतर ऊन तिरकं येतं आणि छज्जा कितीही काढला तरी त्याच्याखालून घुसतं. चिडचिड एखाद्या खिडकीमुळे होत असेलच, तर ती वरच्या मजल्यावरची पश्चिमेची. तिच्याकडे नंतर येते.

तर खिडकीपासून दीड-दोन फुटांवर आईंचा पलंग, लांबी भिंतीला समांतर. साडेतीन फुटी दिवाण असला तरी चालेल, पण उंची अशी हवी की बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतील आणि गुडघा काटकोनात येईल. साधारण अठरा इंच. फार खाली बसलेला दिवाण गुडघेदुखीच्या माणसाला उठताना रडवतो. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे तीन फूट मोकळी जागा, वॉकर वळायला. सोफा पूर्ण काढायचा नाही, तीन जणांचा भाग ठेवा, बाकीच्या दोन खुर्च्या मधल्या खोलीत. टीव्हीही इथेच. मिस्टर आणि आई संध्याकाळी तो बरोबरच बघतात असं तुमच्या पत्रातून वाटलं, फक्त आत्ता ते दोघं बारावीच्या मुलीच्या खोलीत बसून बघतात.

आता तुमच्या नकाशातली जी गोष्ट मला सर्वांत आवडली ती. हॉलची मागची भिंत आणि खालच्या संडास-बाथरूमची भिंत एकच आहे. तिथे एक दार पाडलं की आईंना रात्री पलंगापासून सात-आठ पावलांत बाथरूम. जेवणाची खोली नाही, चार्जरची वायर नाही. बाथरूम जागचं हलत नाही, म्हणजे नळ आणि पाइप तसेच राहतात. नवं बाथरूम दुसरीकडे काढायचं म्हटलं असतं तर मैल्याच्या चार इंची पाइपला उतार द्यावा लागतो, चाळिसात एक धरला तरी दहा फुटांना तीन इंच. तेवढी फरशी उचलायची, आणि फरशी उचलली की पायरी आली. वॉकरवाल्या माणसाच्या वाटेत एक पायरी म्हणजे रोजची भीती.

दार किमान अडीच फुटी घ्या, पावणेतीन मिळालं तर उत्तम. हे दार आत उघडणारं करू नका. बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत कोणी घसरून पडलं आणि दाराला टेकलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, आणि त्या दोन मिनिटांत घरातल्यांचा जीव जातो. कडी अशी बसवा की बाहेरून नाण्याने उघडता येईल. उंबरा काढून टाका. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमच्या फरशीचा उतार जाळीकडे नीट द्यायला लावा, मिस्त्री टाळाटाळ करतात पण होतं ते. कमोडच्या बाजूला भिंतीत घट्ट बसवलेला दांडा, टॉवेलचा नव्हे. टॉवेलचा दांडा माणसाच्या वजनाने उखडून येतो. फरशी गुळगुळीत टाइल्सची असेल तर तेवढी बदला, खरखरीत कोटा त्याहून कितीतरी बरा.

दोन दारांच्या बाथरूमची एक कटकट असते, आतून दोन्हीकडे कडी लावायची सवय व्हावी लागते. पहिले पंधरा दिवस कोणीतरी विसरेल. नंतर जमतं.

भिंतीला हात लावण्याआधी तिची जाडी मोजा. दाराच्या चौकटीपाशी टेप धरला की कळते. प्लास्टरसकट साधारण दहा इंच भरली तर ती नऊ इंची, एका विटेच्या लांबीची भिंत. साडेपाच-सहा इंच भरली तर साडेचार इंची, म्हणजे नुसता आडोसा. १९८८ च्या आपल्याकडच्या पुष्कळशा घरांत कॉलम नसतात, नऊ इंची भिंतीच वरचा मजला झेलतात. हॉलची मागची भिंत तशीच निघेल असं मला वाटतं, कारण तिच्यावर वरच्या खोलीची भिंत उभी आहे. याचा अर्थ दार पाडता येणार नाही असा नाही. आधी वर लिंटेल, म्हणजे दारावरचा भार झेलणारा आडवा पट्टा, घालायचा, तो पक्का होऊ द्यायचा, मग खालच्या विटा काढायच्या. मिस्त्री जर म्हणाला की "आधी फोडू, मग बघू", तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. सगळ्या खर्चात ही रक्कम लहान असते. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे जुन्या घरांच्या भिंतींना तिरक्या भेगा असतात. तुमच्याकडे त्या कुठे आहेत ते त्यांना आधी दाखवा.

आता वाट. हॉल आईंची खोली झाला की सगळ्या जगाने त्यातून ये-जा करून चालणार नाही. आत्ता पोर्चमधून हॉलमध्ये, हॉलमधून जेवणाच्या खोलीत असा एकच रस्ता आहे. डबे न्यायला येणारा मुलगा, दूधवाला, सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला आणि सुका डबा घेऊन धावणारे मिस्टर, सगळे तिथूनच. पण तुमच्या घराच्या पूर्वेला चार फुटांची गल्ली आहे! तुम्ही तिचा उल्लेख कंसात केलाय, "तिथे जुन्या कुंड्या, सायकल आणि बोअरिंगचं सामान आहे" असा. ती मोकळी करा. जेवणाच्या खोलीची खिडकी त्याच गल्लीत उघडते, त्या खिडकीचं दार करा. खिडकीवर लिंटेल आधीच आहे, फक्त खालची भिंत काढायची, म्हणजे हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बिनधोक. वरच्या अर्ध्या भागात काच आणि जाळी ठेवलीत तर उजेडही जाणार नाही. पोर्चपासून गल्लीने सरळ जेवणाच्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात. डब्यांचा, भाजीचा, कचऱ्याचा हा रस्ता. चौदा डब्यांचा ओला कचरा काही थोडा नसतो. तो परसदारी झाकणाच्या बादलीत आणि तिथून गल्लीने थेट गाडीत जाईल, घरातून फिरणार नाही.

स्वयंपाकघर उत्तर-पूर्वेला आहे हे तुमचं भाग्य. दुपारचं ऊन तिथे येत नाही. जागा मात्र कमी आहे, आणि कमी आहे ती शिजवायला नव्हे, भरायला. चौदा डबे, प्रत्येकाचे तीन-चार कप्पे, म्हणजे एका वेळी पन्नासेक भांडी उघडी मांडायची. म्हणून ती टेबलावर गेली. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत साडेचार इंची असेल तर तिच्यात चार फूट रुंद खिडकी काढा, ओट्याच्या उंचीपासून वर. खाली दोन्ही बाजूंना मिळून दोन फुटी कडप्पा. इकडून भरायचं, तिकडून झाकण लावून पिशवीत घालायचं. कडप्प्याखाली जेवणाच्या खोलीच्या बाजूने रिकाम्या डब्यांचं कपाट. मग टेबल अकरा वाजताही जेवणाचंच राहील. मिस्टरांना सांगा, निवृत्तीनंतर या पलीकडच्या बाजूची झाकणं लावण्याचं काम त्यांचं. त्यांना नक्की आवडेल. नाही आवडलं तरी द्या.

पूर्ण भिंत पाडून स्वयंपाकघर उघडं करू नका, ठेकेदार सुचवतील. ज्या घरात रोज पंधरा-वीस माणसांची फोडणी होते, तिथे मिरचीचा ठसका आईंच्या पलंगापर्यंत जाईल. खिडकीला सरकती काच लावा, फोडणीच्या वेळी बंद. आणि एक्झॉस्ट शेगडीच्या वर, बाहेरच्या भिंतीत, शक्य तितका उंच. लांब कोपऱ्यात बसवलेला एक्झॉस्ट धूर आधी सगळ्या खोलीत फिरवतो आणि मग बाहेर काढतो.

मागची बेडरूम मुलीची. तिचं तिला दार लावता येऊ दे. बारावीचं वर्ष आहे, पण परीक्षेपुरतंच नाही, तिला त्या घरात स्वतःची अशी जागा कधी मिळालेलीच नाही असं पत्र वाचताना जाणवलं. पश्चिमेची खिडकी तिथेही आहे. टेबल तिच्यासमोर नको, उत्तरेच्या खिडकीपाशी लावा.

वर फार काही करायचं नाही. तुमची आणि मुलाची खोली अदलाबदल करा. तो दुपारी दोनपासून बसतो, त्याला स्वयंपाकघरावरची उत्तर-पूर्वेची खोली द्या. तुम्ही दोघं वर फक्त झोपायला जाता, तुम्ही दक्षिण-पश्चिमेची घ्या. खोली कोणाला द्यायची ते ठरवताना लोक लांबी-रुंदी बघतात, मी आधी घड्याळ बघते. तुमच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. गच्चीला उन्हाळ्याआधी पांढरा चुना, किंवा थोडा खर्च करून पांढऱ्या तुकड्यांची फरशी. आणि रात्री खिडक्या सताड उघड्या. माळव्याची रात्र गार असते, ती घरात येऊ द्या आणि सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद करा. मुलाचे रात्री अकरापर्यंतचे फोन वर गेले की खाली आईंची आणि मुलीची झोपही नीट होईल. वायफाय पोचत नसेल तर जिन्यातून वायर ओढा, ते एका दुपारचं काम आहे.

आता तुमच्या मनातलं. हॉल नसलेल्या घरात मुलासाठी स्थळ कसं येणार? ताई, मी रामबागेत वाढले. आमच्या माहेरच्या वाड्यात हॉल नव्हता. ओसरी होती, माजघर होतं, परसू होतं. माजघरात दुपारी धान्य निवडत, संध्याकाळी तिथेच पंगत, रात्री वळकट्या उलगडल्या की तिथेच आठ माणसं झोपत. ओसरीवर आजोबांची बैठक, आलेला माणूस आधी त्यांना भेटायचा, मग आत. घरातलं सर्वांत मोठं माणूस दाराशी बसलेलं असणं ही त्या घराची शोभा होती. तुमच्याकडे येणारे लोकही आत येतील तेव्हा स्वच्छ चादरीच्या दिवाणावर आजी बसलेल्या असतील, शेजारी सोफा असेल, खिडकीतून ऊन येत असेल. जे घर आजीला पुढची खोली देतं, त्या घरात मुलगी द्यायला कोणाचे आईवडील मागे सरतील? आणि जे सोफा मोजून ठरवणार आहेत त्यांचं स्थळ हुकलं तर मला तुमच्यासाठी बरंच वाटेल.

महालक्ष्म्या कुठे बसवायच्या, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण डोक्यात आलं असेलच. तिथेच बसवा. पलंगाच्या समोरची भिंत मोकळी ठेवा, तीन दिवस सोफा मधल्या खोलीत. आईंना त्या तीन दिवसांत आत्ता मागच्या खोलीतून उठून यावं लागतं, मग त्या पडल्या पडल्या आरती ऐकतील. हळदीकुंकवाला बायका पोर्चमधून येतील, आईंच्या खोलीत बसतील आणि गल्लीच्या दाराने बाहेर पडतील.

इतकं सगळं लिहिलं, पण एक गोष्ट पत्रात शोधूनही सापडली नाही. आईंना काय हवंय, याचं त्यात एकही वाक्य नाही. त्यांचे गुडघे आहेत, वॉकर आहे, साडेचारचं उठणं आहे.

हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही घरातली सर्वांत शांत खोली दिली होती, मागची. नवा पलंग, एसी, लागून बाथरूम. तीन-चार महिन्यांत त्या बोलेनाशा झाल्या. हाक मारली की जेवायला यायच्या, जेवून परत जायच्या. मला वाटलं, वय. एकदा उन्हाळ्यात दुपारी बराच वेळ वीज गेली म्हणून त्यांची खुर्ची पुढच्या ओटल्यावर आणून ठेवली. दिवेलागणीपर्यंत त्या तिथेच होत्या. भाजीवालीशी बोलल्या, समोरच्यांच्या नातवाला हाक मारली, रात्री स्वतःहून दुसरी पोळी मागितली. शांतता मला हवी होती, मी ती त्यांना देऊन टाकली होती. तीस वर्षं लोकांची घरं आखणारी मी, आणि माझ्याच घरातलं हे मला दिसलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हा आईंना विचारा. सगळ्यांसमोर विचारू नका, त्या "माझं काय, कुठेही" म्हणतील. दुपारी तुमचं काम आवरलं की एकटीच त्यांच्याजवळ बसा. कदाचित त्यांना नातीजवळून हलायचं नसेल. रात्री एकटं झोपायची भीती वाटत असेल. तसं असेल तर हॉलमध्ये दुसरी गादी सहज मावते, नात वाचून झाल्यावर तिथे येऊन झोपेल, आणि उशाशी घंटेचं बटण तर लावाच. त्या म्हणाल्या की मला मागचीच खोली हवी, तर माझा सगळा नकाशा मागे घ्या आणि मला परत लिहा. मग आपण मागच्या खोलीला बाथरूम कसं जोडायचं ते बघू. ते खर्चाचं आहे, पण अशक्य नाही.

हो म्हणाल्या तर लगेच मिस्त्री बोलावू नका. पंधरा दिवस नुसतं सामान हलवून राहून बघा. हॉलच्या फरशीवर खडूने पलंग आखा, वॉकर घेऊन त्यांना वळून बघू दे. जेवणाच्या खोलीत कडप्पा येईल तिथे तेवढ्या रुंदीचं बाक ठेवा आणि आठवडाभर डबे त्यावर भरा. दोन इंच कमी-जास्त हवं असेल तर ते हाताला कळतं, नकाशात कळत नाही. तुमची, मुलाची आणि मुलीची खोली तर फोडाफोडीवाचूनच बदलते, ती या रविवारी पोहे झाले की बदला.

फोडण्याचं काम मेमध्ये घ्या. परीक्षा झाल्यावर कोचिंगची बरीच मुलं गावी जातात, तुमचे डबे तेव्हाच कमी असतील. मुलीची परीक्षाही आटोपलेली असेल, आणि जूनच्या पावसाआधी लिंटेल आणि प्लास्टर वाळायला कोरडी हवा मिळेल. वाळायला म्हणजे पाणी न मारता नव्हे, सिमेंटच्या कामाला सात दिवस तरी दिवसातून तीन-चारदा पाणी मारावंच लागतं. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, तेव्हा त्या आठवड्यात हौद भरून ठेवा. बाथरूमचं सगळं, दोन दारं, एक खिडकी, चुना, हे जमवलेल्या पैशांच्या अर्ध्याच्या आत बसावं असा माझा अंदाज आहे. पण ठेकेदाराकडून कामागणिक दर लिहून घ्या, एकरकमी आकडा घेऊ नका.

पुढच्या पत्रात तीन मापं कळवा : हॉलच्या मागच्या भिंतीची जाडी, बाथरूमची आतली लांबी-रुंदी, आणि आईंच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची.